सरकारी मोटार आणि सरकारी माणूस

मुंबईचा विमानतळ जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यांत अजून सांताक्रूझचाच आहे. पुढें सहारची इमारत झाली, साऱ्या विमानतळास छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव मिळालें, तरी पश्चिम उपनगरांतील वडील मंडळी विमानाचें नांव निघतांच सांताक्रूझ म्हणतात. याच विमानतळावर ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं एक प्रसंग घडला. तो वर्तमानपत्रांतून कांहीं दिवस गाजला आणि नेहमींच्या राजकीय गदारोळांत लौकरच विसरलाही गेला. महाराष्ट्राचे तेव्हांचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हे राज्य सरकारच्या विमानांत जाऊन बसले. त्यांना डेहराडूनला जावयाचें होतें; मसुरीच्या लालबहादुर शास्त्री प्रशासन प्रबोधिनींत दुसऱ्या दिवशीं सनदी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गाचा समारंभ होता. विमान मात्र जागचें हललें नाहीं. परवानगी आलेली नाहीं असें राज्यपालांना सांगण्यांत आलें. ते खालीं उतरले आणि दुपारच्या प्रवासी विमानाचें तिकीट काढून पुढें गेले.

राजभवनाचें म्हणणें असें कीं, विमानासाठीं २ फेब्रुवारीलाच लेखी विनंति केली होती. मुख्यमंत्र्यांच्या कचेरीचें म्हणणें असें कीं, परवानगी मिळालेली नाहीं हें राजभवनास आदल्याच दिवशीं कळविलें होतें. त्या वेळीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते आणि राज्यपाल व सरकार यांचें सख्य नव्हतें, हें सर्वांना ठाऊक आहे. कोणाची बाजू खरी याचा निवाडा करण्याचें येथें कारण नाहीं. राज्यपालांनीं विमानाचा गैरवापर केला असेंही कोणी म्हटलें नाहीं. परंतु त्या भांडणांत दोन्ही पक्षांनीं न बोलतां मान्य केलेली एक गोष्ट होती, आणि या विषयाचें मूळ तेंच आहे. विमान राज्यपालांचें नव्हतें, मुख्यमंत्र्यांचेंही नव्हतें. राज्यांतील सर्वांत उंच आसनावरील गृहस्थालाही तें वापरावयाचें तर कोणाला तरी विचारावें लागतें, आणि विचारल्याचा कागद असावा लागतो.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे सरकारी वाहनांच्या आणि सरकारी नोकरांच्या दुरुपयोगाचे जे आरोप नित्य कानांवर येतात, त्यांची नीट वर्गवारी करतां येते. अमक्या साहेबांची मोटार लग्नाच्या मंडपाशीं उभी होती. तमक्यांचीं मुलें सरकारी जीपमधून शाळेंत जातात. एका बाईसाहेबांच्या घरची भाजी पट्टेवाला आणतो. असें ऐकलें कीं सामान्य गृहस्थ एक तर संतापतो, नाहीं तर चालावयाचेंच म्हणून पान उलटतो. दोहोंपैकीं कशानेंही आरोप खरा कीं खोटा हें ठरत नाहीं.

प्रश्न मोटारीइतका नवा नाहीं. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या श्यामशास्त्री यांच्या हातीं लागलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं, आणि छापून निघालें तें १९०९ सालीं. त्या ग्रंथांत राजाचा कोश क्षीण होण्याचीं आठ कारणें मोजलीं आहेत. अपहार हें त्यांपैकीं एक आहेच. पण त्याहून निराळें असें ‘उपभोग’ नांवाचें एक कारण स्वतंत्र सांगितलें आहे. राजाची वस्तु स्वतः वापरणें किंवा दुसऱ्यास वापरूं देणें, हा उपभोग. यांत वस्तु नाहींशी होत नाहीं. संध्याकाळीं ती भांडारांत परत येते, मोजदादींत बरोबर भरते, आणि तरीही कोशाची झीज झालेली असते. रत्नांचा उपभोग घेणाऱ्यास देहान्त शिक्षा. किरकोळ वस्तूंचा उपभोग घेणाऱ्यानें त्या भरून देऊन शिवाय तितकाच दंड द्यावा, अशी चढउतार त्यांत आहे. चाणक्याच्या दोन दिव्यांची, एक सरकारी तेलाचा व एक घरच्या तेलाचा, ही गोष्ट मुलांना सांगतात. ती गोड आहे. ग्रंथांतील विचार मात्र त्याहून कठोर आणि अधिक व्यवहारी आहे. अधिकाऱ्याच्या सात्त्विकतेवर त्यानें भिस्त ठेवली नाहीं. हिशेब आणि तपासनीस यांवर ठेवली.

आजच्या सरकारी मोटारीबरोबरही हिशेबाची एक वही फिरत असते. तिला सर्वत्र लॉगबुक म्हणतात. तींत प्रत्येक खेपेची तारीख, निघतांना मीटरवर असलेला आंकडा, पोंचल्यावरचा आंकडा, कोठून कोठें, कशासाठीं, आणि मोटार वापरणाऱ्याची सही, असे रकाने असतात. इंधन किती भरलें हेंही नोंदावें लागतें. एकूण अंतर आणि एकूण इंधन यांचा मेळ घालून पाहिला कीं, कोठें पाणी मुरतें तें हिशेब तपासणाऱ्याच्या ध्यानांत येतें. एक लिटरला मोटार किती धांवते हें ठरलेलें असतें. त्याहून ती फारच कमी धांवूं लागली तर एक तर मोटारीला दुरुस्ति हवी, किंवा वहीला.

या वहींतील सर्वांत दुबळा रकाना ‘कशासाठीं’ हा होय. अंतर यंत्र लिहितें. कारण माणूस लिहितो. ‘शासकीय काम’ एवढे दोन शब्द लिहिले कीं पुढचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. मंडईंत जाणें आणि मंडईच्या पाहणीस जाणें यांत मीटरच्या लेखीं कांहींच अंतर नाहीं.

येथें एक साधें गणित मांडून पाहणें उपयोगाचें होईल, कारण दुरुपयोग नेहमीं लबाडींतूनच सुरू होतो असें नाहीं. पुष्कळदां तो सोयींतून सुरू होतो. समजा, एक अधिकारी सांताक्रूझला राहतात आणि त्यांची कचेरी मंत्रालयांत आहे. अंतर सुमारें २० किलोमीटर. मोटार रात्रीं कचेरीच्या आवारांत ठेवली तर सकाळीं ती २० किलोमीटर रिकामी सांताक्रूझला येणार, साहेबांना घेऊन २० किलोमीटर परत जाणार, संध्याकाळीं त्यांना सोडण्यास २० किलोमीटर येणार आणि पुन्हां २० किलोमीटर रिकामी जाणार. दिवसाच्या ८० किलोमीटरांपैकीं ४० किलोमीटर सरकारनें हवेला प्रवास घडविला. तेव्हां मोटार साहेबांच्या घराजवळच ठेवावी, हेंच काटकसरीचें ठरतें. ती तशी ठेवली जाते. मग सकाळीं सातपासून ती दारांत उभी असते आणि साहेबांची निघण्याची वेळ नऊची असते. शोफर आलेला असतो. साहेबांच्या दारांतील मोटार चालविणारा हा इसम स्वतः मात्र पहांटेच्या लोकलनें उभा राहून आलेला असतो. मधल्या दोन तासांत मुलांची शाळा येते, मंडई येते, आजोबांचें औषध येतें. चार किलोमीटर इकडचे तिकडे झाले तर ४० मध्यें ते दिसतही नाहींत. पहिल्या दिवशीं घरांतील कोणी तरी संकोचानें विचारतें. महिन्यानें तें विचारणें बंद होतें. आणि वर्षानें बदली होऊन मोटार गेली म्हणजे घरांत काहीं हिरावून घेतल्यासारखें वाटतें.

नियम करणाऱ्यांना हा मनुष्यस्वभाव ठाऊक होता. केंद्र सरकारच्या १९८० च्या स्टाफ कार नियमांनीं खाजगी प्रवासालाही एक वाट ठेवली: ठरलेल्या दरानें पैसे भरा आणि वहींत तसें लिहा. ही तरतूद मोठी शहाणपणाची म्हटली पाहिजे. आजारी माणसाला रात्रीं दवाखान्यांत नेण्यास दारांतील मोटार वापरली म्हणून कोणास फांसावर चढवावयाचें नसतें; वापरली तें लिहिलें कीं नाहीं आणि पैसे भरले कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. राज्य सरकारी नोकरांसाठीं महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. सचोटी निःसंशय असावी अशी त्यांची अपेक्षा आहे. त्याहून पुढचा टप्पा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचा. लोकसेवकाच्या ताब्यांत दिलेली वस्तु त्यानें अप्रामाणिकपणें स्वतःच्या उपयोगास लावली, तर तो गुन्हा होतो. पण तेथें हेतु सिद्ध करावा लागतो, आणि ‘शासकीय काम’ या दोन शब्दांशीं झगडावें लागतें.

परदेशांतही कसोटी हीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा ब्रॉनविन बिशप या मेलबर्नहून जिलाँग या गांवीं सरकारी खर्चानें हेलिकॉप्टरमधून गेल्या. रस्त्यानें तो प्रवास तासाभराचा, आणि हेलिकॉप्टरचें भाडें पांच हजारांहून अधिक डॉलर. समारंभ पक्षासाठीं निधि जमविण्याचा होता. २०१५ सालीं ही गोष्ट उघड झाल्यावर त्यांनीं पैसे परत भरले, तरी २ ऑगस्टला त्यांना पद सोडावें लागलें. खर्चाची रक्कम त्या देशाच्या मानानें क्षुल्लक होती. ‘कशासाठीं’ या रकान्याचें उत्तर चुकलें होतें.

आपल्याकडे मात्र लोकांचा रोष वहीवर कधींच नव्हता. तो लाल दिव्यावर होता. दिवा डोळ्यांत खुपतो, वही कपाटांत असते, त्याला इलाज नाहीं. १० डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें लाल दिव्याचा मान घटनात्मक उच्च पदांपुरता आंखडण्यास सांगितलें. पुढें केंद्रीय मंत्रिमंडळानें १९ एप्रिल २०१७ रोजीं निर्णय केला आणि १ मेपासून मंत्र्यांच्याही मोटारींवरचे दिवे उतरले. तरीही दिव्याचें आकर्षण संपलें नाहीं. २०२४ सालीं पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरींत प्रशिक्षणार्थी असलेल्या पूजा खेडकर यांच्यावर असा आक्षेप आला कीं, स्वतः वापरीत असलेल्या खाजगी मोटारीवर त्यांनीं दिवा व ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लावली. त्यांची वाशीमला बदली झाली. पुढें ३१ जुलै २०२४ रोजीं लोकसेवा आयोगानें त्यांची उमेदवारी रद्द केली ती परीक्षेच्या अर्जांतील माहितीच्या कारणानें. मोटारीशीं तिचा संबंध नव्हता, हें वाचकांनीं वेगळें ठेवावें. मोटारीपुरता आक्षेप मोठा चमत्कारिक होता. नेहमीं सरकारी मोटार खाजगी कामास लावल्याची तक्रार असते. येथें खाजगी मोटारीला सरकारी पोशाख चढविल्याची होती. पेट्रोल सरकारचें गेलें नाहीं. सरकारचा दरारा गेला. कौटिल्याच्या भाषेंत हाही उपभोगच.

निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न घराच्या सोयीपुरता राहत नाहीं. सत्तेवर असलेल्या पक्षाला विमानें, मोटारी, विश्रामगृहें आणि नोकरवर्ग हीं सारीं हाताशीं असतात. विरोधकाला आपलीं आपण जमवावीं लागतात. म्हणून निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेंत सत्ताधारी पक्षासाठीं निराळें प्रकरण आहे, आणि सरकारी दौरा व प्रचार यांची सरमिसळ तींत मना केली आहे. आचारसंहिता सुरू असतां मंत्र्यानें सरकारी मोटार घर ते कचेरी एवढीच वापरावयाची. पंतप्रधानांना तेवढा सुरक्षिततेसाठीं अपवाद.

या बाबतींतील सर्वांत मोठा खटला रायबरेलीचा. १९७१ च्या निवडणुकीसंबंधीं राजनारायण यांनीं इंदिरा गांधींविरुद्ध अर्ज केला, आणि १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जगमोहनलाल सिन्हा यांनीं ती निवड रद्द केली. हवाईदलाच्या विमानांतून प्रवास केल्याचाही आरोप त्या अर्जांत होता. न्यायालयानें तो भ्रष्ट आचार मानला नाहीं. मानले गेले ते दोन मुद्दे असे: यशपाल कपूर हे सरकारी नोकर असतांनाच त्यांच्याकडून निवडणुकीचें काम घेतलें, आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांकडून सभांचीं व्यासपीठें व ध्वनिवर्धकांसाठीं विजेची सोय करून घेतली. पुढें कायद्यांत पूर्वलक्षी दुरुस्ति झाली आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवड कायम केली. मधल्या काळांत आणीबाणी आली. तो इतिहास परिचित आहे. येथें लक्ष वेधावयाचें तें एवढ्याकडेच कीं, विमानें सुटलीं आणि माणसें अडकलीं. गर्दीच्या डोळ्यांना वाहन दिसतें. न्यायाधीशाला माणूस दिसला.

आणि खरोखर, वाहनाहून माणसाचा दुरुपयोग जुना आहे, खोल आहे, आणि लपण्यास सोपाही आहे. मराठींतील ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला, ‘बिगार’ फारसींतून. दोन भाषांनीं एकाच जुलमाला नांवें दिलीं आणि मराठीनें तीं जोडून ‘वेठबिगार’ केली. राजे चांगले असले तर तिला आळा बसे. शिवाजी महाराजांनीं चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बाजारांतून पैसे देऊन घ्यावी, कुणब्यांपासून जुलमानें घेऊं नये, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी अमदानींत वेठीला हिशेबी रूप आलें. थंडीचे दिवस आले कीं साहेब जिल्ह्यांत फिरतीवर निघे. त्याच्याबरोबर तंबू, टेबलें, कागदपत्रांच्या पेट्या, स्वयंपाकी, घोडे, कित्येकदां मडमसाहेब व मुलें. गांवाला मुक्काम पडला कीं गाड्या, लांकूडफाटा, दूध, कोंबड्या यांची मागणी मामलेदाराकडून पाटलाकडे आणि पाटलाकडून शेवटीं महारवाड्यांत पोंचे.

महार हा गांवचा वतनदार सरकारी नोकर होता, असें १८७४ चा वतन कायदा म्हणे. थोडी इनाम जमीन, रयतेकडून मिळणारें बलुतें, क्वचित् नांवाचा पगार, एवढ्यावर त्यानें रात्रीं अपरात्रीं कोणाही अंमलदाराच्या हाकेला ओ द्यावयाची. सारा वसुलीला हिंडावयाचें, टपाल पोंचवावयाचें, साहेबाचें सामान वाहावयाचें. तो गांवीं नसला तर त्याच्या घरच्या माणसानें जावयाचें. म्हणजे एकाला नांवाची नोकरी आणि साऱ्या कुटुंबाला चाकरी. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं मुंबई कायदेमंडळांत १९२८ सालीं या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. जमिनीवर पूर्ण सारा बसवून ती महारांना मोकळी करून द्यावी, बलुत्याऐवजीं रोख रक्कम ठरवावी, आणि सरकारला नोकर हवे असतील तर त्यांना पगार देऊन ठेवावें, असा त्याचा मथितार्थ होता. मागणी किती साधी होती! काम सांगावयाचें तर कोणतें तें ठरवा, किती वेळ तें ठरवा आणि त्याचे पैसे द्या. १९२९ सालीं तें बिल मागें घेण्यांत आलें. हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें नाहींशीं होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें.

हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊं प्रांतांत हाच प्रकार ‘कुली बेगार’ या नांवानें चाले. प्रत्येक गांवीं कोणी केव्हां साहेबाचें ओझें वाहावयाचें याच्या नोंदवह्या मुखियाजवळ असत. जानेवारी १९२१ मध्यें मकरसंक्रांतीच्या यात्रेंत बागेश्वर येथें बद्रीदत्त पांडे आदि पुढाऱ्यांच्या समक्ष लोकांनीं त्या वह्या शरयूच्या पात्रांत फेंकून दिल्या. वह्या गेल्या आणि वेठही गेली. २६ जानेवारी १९५० पासून तर घटनेच्या २३ व्या कलमानें बेगार देशभर निषिद्ध आहे.

मग राहिलें काय? राहिलें तें असें कीं, ज्याला सरकार पगार देतें असा माणूस सरकारच्या कामावरून उचलून साहेबाच्या घरीं लावावयाचा. याला वेठ म्हणतां येत नाहीं, कारण पगार मिळतो. नोकरीही म्हणतां येत नाहीं, कारण ज्या कामासाठीं पगार, तें काम तो करीत नाहीं. रेल्वेतील ‘बंगला प्यून’ हें याचें उत्तम उदाहरण. त्याचें कागदोपत्रीं नांव मोठें लांबलचक होतें, टेलिफोन घेणारा व टपाल नेणारा खलाशी अशा अर्थाचें. घरांत तो स्वयंपाकापासून कुत्र्यापर्यंत सारें पाहत असे अशा तक्रारी वर्षानुवर्षें होत्या. कांहीं वर्षें बंगल्यावर काढलीं कीं त्याला रेल्वेंत कायम नोकरी मिळे. ही आशा फार बळकट दोरी होती. तिनें बांधलेला माणूस तक्रार करीत नाहीं. उलट दुसरा कोणी तक्रार करूं लागला तर तोच त्याला गप्प करतो. रेल्वे मंडळानें ऑगस्ट २०२० मध्यें अशा नव्या नेमणुका थांबविल्या.

त्यापूर्वीं, २०१७ सालीं, खतौलीच्या रेल्वे अपघातानंतर अश्वनी लोहाणी मंडळाचे अध्यक्ष झाले. अधिकाऱ्यांच्या घरीं राबणाऱ्या ट्रॅकमनना परत रुळांवर पाठवा, असा आदेश त्यांच्या काळांत निघाला. ट्रॅकमन म्हणजे पूर्वींचा गँगमन. सांताक्रूझहून चर्चगेटला रोज जाणाऱ्यांनीं त्याला पाहिलेलें असतें, पण क्वचितच त्याच्याकडे लक्ष दिलेलें असतें. हातोडा व पाना घेऊन रुळाच्या कडेनें चालणारा, गाडी आली कीं बाजूला सरणारा. त्याचें काम सैल झालेला बोल्ट आणि तडा गेलेला रूळ वेळेवर ओळखण्याचें. तो जर एखाद्या बंगल्याच्या बागेंत झाडांना पाणी घालीत असेल, तर सरकारचें नुकसान त्याच्या पगाराएवढें नसतें. रुळाचा तो तुकडा त्या दिवशीं कोणी तपासलेला नसतो, आणि वरून जाणाऱ्या गाडींत बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो. मोटारीच्या चार किलोमीटरांचा हिशेब मांडतां येतो. हा मांडतां येत नाहीं.

सैन्यांत ‘सहायक’ नांवाची प्रथा आहे. लढाईच्या काळीं अधिकाऱ्याचा जोडीदार, संदेश नेणारा, पाठराखण करणारा, असा तिचा मूळ हेतु. शांततेच्या काळीं तिचें घरगड्यांत रूपांतर होतें असा आक्षेप. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीनें ही प्रथा बंद करावी असा अभिप्राय दिला. नौदल व हवाईदल तिच्यावांचून चालतात. फेब्रुवारी २०१७ मध्यें नाशिकजवळच्या देवळाली छावणींतील जवान अधिकाऱ्यांच्या घरचीं कामें करतांना दाखविणारें एक गुप्तपणें घेतलेलें चित्रीकरण प्रसिद्ध झालें. त्यांत बोललेला एक जवान मार्चच्या आरंभीं छावणींतच मृतावस्थेंत सांपडला. चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारावर सरकारी गुपितांच्या कायद्याखालीं खटला भरण्यांत आला; तो २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केला. जवानाचें घर मात्र त्याच्यावांचून राहिलें. मोटारीचा दुरुपयोग उघडकीस आला तर मोटारीला कांहीं होत नाहीं.

पोलीस खात्यांतील ‘ऑर्डर्ली’ हाही त्याच जातीचा. तमिळनाडूनें १९७९ सालींच शासकीय आदेशानें ही प्रथा रद्द केली होती. तरी २०२२ सालीं मद्रास उच्च न्यायालयाला ती बंद करा असें पुन्हां सांगावें लागलें. त्रेचाळीस वर्षें आदेश कागदावर आणि शिपाई बंगल्यावर. उपनगरांतील गृहस्थ चोरीची फिर्याद देण्यास ठाण्यावर जातो आणि माणसें अपुरीं आहेत असें ऐकून परततो, तेव्हां मंजूर असलेलीं माणसें कोठें आहेत हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. यावा.

ही माणसें स्वतः कां बोलत नाहींत याचें आश्चर्य वाटूं नये. त्यांची रजा, बदली, गोपनीय शेरा आणि बढती हीं सर्व ज्याच्या हातीं, त्याच्याच घरीं तीं राबतात. शिवाय साहेब प्रत्येक वेळीं दुष्ट असतो असेंही नाहीं. पुष्कळ घरीं शिपायाला चहा मिळतो, दिवाळीला कपडे मिळतात, मुलाच्या फीची सोय होते. हा चांगुलपणा खरा असतो. आणि त्यामुळेंच त्या माणसाचा दिवस सरकारचा कीं साहेबांचा, हा प्रश्न विचारणें कृतघ्नपणाचें वाटूं लागतें. वहींत या दिवसाची नोंद कशी होते म्हणाल, तर हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें ‘हजर’ असें लिहिलेलें असतें. मोटारीच्या लॉगबुकांत ‘कोठून कोठें’ हा रकाना आहे. हजेरीपटांत तो नाहीं.

नागरिकाच्या हातीं आज कांहीं साधनें आहेत. महाराष्ट्रानें लोकायुक्तांचा कायदा १९७१ सालींच केला. मंत्री व अधिकारी यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें तेथें नेतां येतें. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रांत २००२ सालीं झाला आणि केंद्राचा २००५ सालीं. या दुसऱ्या कायद्याखालीं दहा रुपयांचें शुल्क भरून अर्ज करतां येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवें. अर्ज मोघम असूं नये. ‘साहेब मोटारीचा दुरुपयोग करतात काय’ असें विचारलें तर कोणतीच कचेरी होय म्हणणार नाहीं, आणि तसें उत्तर देण्यास ती बांधलेलीही नाहीं, कारण हा कायदा मत देत नाहीं, कागद देतो. मोटारीचा क्रमांक व विवक्षित तारखा देऊन त्या दिवसांच्या लॉगबुकाची आणि इंधनाच्या नोंदींची नक्कल मागावी. लग्नाच्या मंडपाशीं मोटार दिसली ती तारीख आणि वहींतील नोंद समोरासमोर ठेवल्या कीं पुष्कळसा उलगडा होतो; कधीं कधीं पैसे भरल्याची पावतीही निघते आणि संशय घेणाऱ्यालाच गप्प बसावें लागतें. माणसांच्या बाबतींत विचारावयाचें तें असें: या कचेरींत अमुक हुद्द्याचीं मंजूर पदें किती, भरलेलीं किती, आणि भरलेल्या पदांवरील नोकर अमुक महिन्यांत प्रत्यक्ष कोणत्या जागीं कामाला नेमले होते त्याच्या आदेशांच्या प्रती. व्यक्तीचें नांव घालण्याची गरज नाहीं. राबणाऱ्याचें तर मुळींच घालूं नये. तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं, किंवा अपुरें आलें, तर त्याच कचेरींतील वरिष्ठाकडे पहिलें अपील पुढच्या तीस दिवसांत करावयाचें असतें. आणि तेथेंही काम झालें नाहीं तर दुसरें अपील नव्वद दिवसांच्या आंत राज्य माहिती आयोगाकडे.